तारीख टळल्यानंतरचा हिशेब

१९६२ सालच्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखेच्या दरम्यान, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले आणि या अष्टग्रहीमुळे जगबुडी होणार, असे भाकीत देशभर पसरले. ठिकठिकाणी होमहवन झाले, अखंड नामजप बसले, अनेकांनी प्रवास रद्द केले. ६ तारीख नेहमीसारखीच उजाडली आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेपासून लोक सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाला उभे राहिले.

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात त्या दिवसांच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. शिवारात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, भरात आली होती, राखणीचे दिवस होते, आणि गल्लीतील एका जिभाऊंनी आपली बैलजोडी मिळेल त्या भावाने विकून टाकली. घरच्यांनी अडवले, तेव्हा ते म्हणाले, "दुनियाच बुडनार शे, मंग बैलं कोनले?" आलेल्या पैशांतून त्यांनी गावाला जेवण घातले. तारीख टळल्यावर ते जोडी मागायला गेले. घेणाऱ्याने ती परत केली नाही, आणि पुढची पेरणी त्यांना दुसऱ्याच्या बैलांवर, त्याच्या सवडीने करावी लागली.

गावात हा किस्सा आजही हसून सांगतात आणि मला ते खटकते. ज्या माणसाच्या शब्दावर जिभाऊंनी मुलींच्या लग्नाचे मुहूर्त धरले, घराची वास्तुशांत केली, त्याच माणसाने हेही सांगितले होते. एक गोष्ट मानायची आणि दुसरी सोडायची, ही निवड करायला त्यांच्याकडे आधार कोणता होता? शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही समुद्राच्या भरतीवरील त्याचा परिणाम चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो, हे त्यांना समजावून सांगणारे गावात कोणी नव्हते. शिवाय सारी गल्ली एकाच भीतीत असताना एकट्याने निर्धास्त राहणे फार अवघड असते.

शिकल्यासवरल्याने माणूस यातून सुटतो, असेही दिसत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने बायबलातील आकड्यांवरून येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली आणि त्यांच्यापैकी काहींनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस गेल्यावर बरेच जण निराश होऊन पांगले, पण काहींनी तारीख बरोबरच होती, घटना मात्र स्वर्गात घडली, असा अर्थ लावला आणि त्याच मंडळींतून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हा पंथ उभा राहिला. आपल्याकडे १९६२ नंतर यज्ञांमुळे संकट टळले, असे सांगण्यात आले. जग बुडाले तर भाकीत खरे, न बुडाले तर यज्ञ फळला. अशा मांडणीत भाकीत करणारा कधीच हरत नाही.

याला अपवाद आहे, म्हणून तो नोंदवतो. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील प्रवचनकाराने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर दिली, आणि त्याच्या श्रोत्यांनी आयुष्यभराची पुंजी जाहिरात फलकांवर घातली. मार्च २०१२ मध्ये मात्र त्याने असे भाकीत करणे चूक आणि पाप होते, असे जाहीरपणे लिहून दिले. गेलेले पैसे त्यामुळे कोणाला परत मिळाले नाहीत.

अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात दर मंगळवारी होणाऱ्या गर्दीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिथे नमस्कार करून माणूस संध्याकाळी आपल्या कामाला परततो. तारीख देणाऱ्याचे तसे नसते, तो माणसाला हातातले काम सोडायला लावतो. म्हणून भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रलयाचा नवा संदेश येतो, तेव्हा मी पुढे पाठवणाऱ्याची टिंगल होऊ देत नाही. त्याला फोन करतो आणि या भीतीपोटी त्याने काही विकायला काढले आहे का, कोणाला पैसे दिले आहेत का, एवढे आधी विचारून घेतो.