रांग वाढत गेली तेव्हा

आमच्या वस्तीतल्या फूड बँकेत, म्हणजे दान आलेलं धान्य आणि खाण्याच्या वस्तू गरजूंना वाटणाऱ्या संस्थेत, वाटपाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मागणी वाढत गेली त्या काळात आम्ही काय काय केलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं. असंच काम करणारे, किंवा सुरू करू पाहणारे अनेक जण असतील. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ताण एका दिवसात येत नाही. आधी मागच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागतात. महिन्यातून एकदा येणारी माणसं पंधरवड्याला येऊ लागतात. मग नवे चेहरे दिसतात आणि त्यातले कितीतरी रोज कामावर जाणारे असतात, काहींच्या गळ्यात तर कामाच्या ठिकाणचं ओळखपत्रही असतं. घरभाडं थकवता येत नाही, विजेचं बिल थकवलं तर वीज तोडतात, औषध टाळलं तर दुखणं वाढतं. ओढाताणीत हात लावता येईल असा खर्च एकच उरतो, तो म्हणजे पोटाचा. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पूर्वी आमच्याकडे पिशवी भरून धान्य आणून देणारी काही माणसं आता रिकामी पिशवी घेऊन येऊ लागली.

महागाईचा मार दुहेरी असतो. मागणारे वाढतात आणि नेमके त्याच वेळी देणारे आटतात, कारण देणाऱ्यांचंही घर त्याच बाजारावर चालतं. दुकानंही हिशेबाने माल मागवायला लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे उरणारा माल कमी होतो. म्हणजे गरज चढणीला लागते तेव्हा आवक उताराला लागलेली असते.

‘जगात एवढं अन्न वाया जातं, मग तुम्हाला कमी कसं पडतं?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि तो रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा हा साधारण १९ टक्के भाग. पण त्यातलं ६० टक्के घराघरांत वाया जातं. ताटात उरलेलं, भांड्याच्या तळाशी राहिलेलं, फ्रिजच्या कोपऱ्यात विसरलेलं. ते गोळा करून दुसऱ्याला देता येत नाही. दुकानांतून वाया जाणारं अन्न एकूण नासाडीच्या १२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि फूड बँकेचा हात पोचतो तो मुख्यतः तिथे. मुळात ही कल्पनाच उरलेल्या मालावर उभी राहिली. १९६७ साली अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक सुरू केली, ती दुकानांत टाकून दिला जाणारा चांगला माल पाहूनच. उरलेला माल वाटायला ती रचना उत्तम आहे. पण गरज किती आहे यावर किती उरणार हे ठरत नाही, आणि आमच्यासारख्यांची कोंडी होते ती इथेच.

आम्ही आधी कुणीही करेल तेच केलं. आवाहनं केली, दुकानांशी बोललो, शाळांतून धान्य गोळा केलं. त्याने काही काळ भागलं. पण माल वाढला की रांग त्याहून वाढायची. मग एका वाटपाच्या दिवशी मी टेबलामागे उभी न राहता मुद्दाम रांगेच्या शेवटच्या टोकाला जाऊन थांबले. तिथे कोण होतं? कामाची पाळी संपवून धावत आलेली बाई. काठी टेकत आलेले एक आजोबा. अंगावरचं मूल आणि हाताला धरलेलं दुसरं, अशी एक आई. पुढे कोण होतं? ज्यांना सकाळपासून येऊन उभं राहणं शक्य होतं ते. त्यांचीही गरज खरीच होती, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण माल अपुरा असताना ‘आधी येईल त्याला आधी’ म्हटलं, की पायात बळ आणि हाताशी वेळ असलेल्यांना मिळतं. कुणाला किती द्यायचं हे आम्ही ठरवत नव्हतो, रांग ठरवत होती.

बैठकीत मी हेच मांडलं. पुष्कळ वाद झाला. रांगेत सगळे सारखे असतात, कुणावर मेहेरनजर नाही, म्हणून तीच बरी, असं काही जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. त्यांची भीती मला समजत होती. माणसं निवडायला लागलो की ओळखीपाळखी शिरतात. त्यामुळे जे काही ठरवायचं ते भिंतीवर लिहून लावायचं, आणि टेबलावर बसलेल्याला त्यात आपल्या मनाने फेरफार करता येणार नाही, असं ठरलं.

मग वेळा ठरवून दिल्या. प्रत्येक घराला येण्याची एक वेळ, त्यात कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळची. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या वतीने शेजाऱ्याने नेलं तरी चालेल. नाव नोंदवताना फक्त कामाचं तेवढंच विचारायचं: घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, आणि घरी स्वयंपाकाची सोय काय आहे.

हा शेवटचा प्रश्न आम्हाला एका माणसाने शिकवला. मध्यमवयीन, अबोल. पिशवी घेतली की दाराबाहेर थांबून तो त्यातलं धान्य आणि डाळ दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचा. आमच्यातल्या एकाला संशय आला, हा विकत तर नसेल? मी त्याला बाजूला बसवून विचारलं, “दादा, धान्य का देऊन टाकता?” तो म्हणाला, “ताई, खोलीत गॅस नाही. मालक शेगडी ठेवू देत नाही. पाणी गरम करायची किटली आहे फक्त.” इतके दिवस आम्ही त्याला कच्चं धान्य देत होतो आणि तो ते भिजवून खायचा प्रयत्न करून शेवटी कंटाळला होता. तेव्हापासून आमच्याकडे गरम पाणी ओतून खाता येईल अशा वस्तूंची आणि अजिबात न शिजवता खाता येईल अशा वस्तूंची वेगळी फळी आहे. ती फळी सगळ्यात आधी रिकामी होते, यावरून अशा खोल्यांमध्ये किती माणसं राहतात ते कळतं.

तिथून पुढचा विचार आपोआप आला. तयार पिशव्या बांधणं बंद करून फळ्यांवरून माणसांनाच निवडू द्यावं का? अपुऱ्या मालात निवड म्हणजे चैन, असं वाटू शकतं. माझा अनुभव उलट आहे. पिशवी तयार असली की माणूस नको असलेलंही घेऊन जातो, कारण नाकारणं उद्धटपणाचं वाटतं. निवडायला मिळालं की लोक मोजून घेतात. एका काकूंनी हातात घेतलेली तेलाची बाटली परत फळीवर ठेवली. “घरात अर्धी आहे, पुढच्या खेपेला नेईन,” म्हणाल्या. गोडाला मनाई असलेल्याच्या घरात साखर जात नाही, दात नसलेल्याच्या घरात कडक बिस्किटं जात नाहीत. घरातल्या माणसांच्या संख्येवर प्रत्येक घराचे गुण ठरवले, वस्तूंनाही गुण लावले, घराच्या गुणांत बसेल तेवढं निवडायचं, आणि ज्या वस्तूची टंचाई तिचे गुण जास्त ठेवले.

गुणांची कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतल्या फूड बँकांच्या मोठ्या जाळ्यात, फीडिंग अमेरिकात, पूर्वी वाटप नंबरानेच व्हायचं. ज्या फूड बँकेचा नंबर लागेल तिला जो माल आला असेल तो देऊ करायचा. त्यात आयडाहोसारख्या बटाट्याच्या राज्यातल्या फूड बँकेला बटाटेच देऊ केले जायचे. २००५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने पद्धत बदलली. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरजेप्रमाणे गुण द्यायचे आणि त्या गुणांनी तिने हव्या त्या मालावर बोली लावायची. हे वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. अडचण छोट्या संस्थेची असो की देशभरच्या जाळ्याची, रांगेला गरज दिसत नाही हे दोन्हीकडे खरं आहे.

‘खोटं सांगून नेतील’ हा आक्षेप आजही येतो. कुणी चार माणसांऐवजी पाच सांगत असेल, मी नाही म्हणत नाही. पण कागदपत्रांची भिंत उभी केली की खोटं बोलणारा ती ओलांडतो, आणि नुकतीच नोकरी गेलेला, संकोचाने अर्धमेला झालेला माणूस दारातूनच परत जातो. मला त्या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी आहे.

टंचाईत आणखी एक मोह होतो: मिळेल ते घ्या. इथे मात्र आम्ही तसूभरही हललो नाही. डब्याचं झाकण फुगलेलं असेल तर तो डबा गेला, कारण आत जंतूंनी वायू तयार केलेला असू शकतो. जोडावर खोल पोचा पडलेला डबाही गेला. ‘या तारखेपर्यंत वापरा’ आणि ‘या तारखेपर्यंत उत्तम’ या दोन शिक्क्यांत फरक आहे. पहिली तारीख उलटली की माल टाकायचाच. दुसरी दर्जाची तारीख आहे, ती उलटलेला कोरडा, बंद माल नीट तपासून देता येतो. समारंभातलं शिजवलेलं अन्न आम्ही घेत नाही, कितीही चांगल्या मनाने आणलेलं असलं तरी. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि ते अन्न किती वेळ तसंच राहिलं होतं हे आम्हाला कळायला मार्ग नसतो. आणणाऱ्याला ‘नको’ म्हणताना जीव तुटतो. पण भुकेलेल्या माणसाला आजारी पाडायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही.

बाळाच्या दुधाच्या पावडरीबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं. एका तरुण आईने बोलता बोलता सांगितलं, डबा पुरावा म्हणून ती एक चमचा पावडर कमी घालते आणि पाणी वाढवते. ऐकून पोटात गोळा आला. पातळ केलेल्या दुधाने बाळाचं पोषण होत नाही हे तर झालंच, पण जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात. तिला हे सांगताना आवाजात ठपका येऊ नये म्हणून मी धडपडत होते. ती जे करत होती ते मायेपोटीच. आता तान्ह्या मुलाच्या आईला आम्ही कधीच ‘संपलं, पुढच्या वेळी या’ म्हणत नाही. आरोग्यसेविकेशी तिथल्या तिथे फोन जोडून देतो, बाळाला कोणती पावडर, किती, हे तीच ठरवते, आणि त्या खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवलेली असते. दान आलेले उघडे किंवा तारीख गेलेले डबे मात्र कधीच पुढे देत नाही.

रक्कम म्हटल्यावर देणाऱ्यांशी झालेलं बोलणं आठवतं. आम्ही त्यांना स्पष्ट कळवलं की वस्तूंपेक्षा पैसे द्या. काही जण दुखावले. स्वतः निवडून आणलेल्या वस्तूत जो जिव्हाळा असतो तो नोटेत नसतो, हे खरंच आहे. पण दुकानात किरकोळ भावाने घेतलेल्या मालाच्या पैशात आम्ही घाऊक बाजारातून बराच जास्त माल आणू शकतो, आणि जे कमी आहे नेमकं तेच आणू शकतो. एकाच वस्तूचा ढीग आणि बाकी फळ्या रिकाम्या, असं मग होत नाही. हिशेब दर महिन्याला दारावर लावायला लागल्यापासून दुखावलेल्यांपैकी बरेच जण परत आले.

कार्यकर्त्यांचं सांगायचं तर, थकवा सगळ्यांनाच आला. नाही म्हणण्याचं काम सतत एकाच माणसाकडे राहू नये म्हणून टेबलावरची पाळी फिरती ठेवली. त्याचा उपयोग झाला.

एवढं सगळं करूनही मागणी कमी झालेली नाही, आणि ती आमच्याने कमी होणारही नाही. भाडं, मजुरी, आजारपण, मदतीच्या योजनांमधला उशीर, यातलं काहीच आमच्या फळ्यांवर ठेवलेलं नाही. म्हणून आम्ही दुसरी एक वही सुरू केली आहे. पहिल्या वहीत काय दिलं ते लिहितो. दुसरीत काय देता आलं नाही ते: कोणती वस्तू, किती घरांना, आणि ते घर आमच्यापर्यंत का आलं. पहिल्या वहीतले आकडे वाढले की सगळे कौतुक करतात, पण त्यातून गरज किती भागली नाही हे कुणालाच दिसत नाही. दुसऱ्या वहीचा गोषवारा आम्ही दर तिमाहीला लोकप्रतिनिधींना आणि मदत योजनांच्या कार्यालयांना पाठवतो, कुणाचंही नाव न घालता. पहिल्या गोषवाऱ्यांना पोच म्हणूनसुद्धा उत्तर आलं नाही. नंतर एका कार्यालयाने आपला माणूस महिन्यातून एकदा आमच्या संध्याकाळच्या पाळीला बसवायचं कबूल केलं. अडकलेले अर्ज तो तिथेच बघतो. आता बाकीच्या कार्यालयांच्या मागे लागलो आहोत.