आठवं लागलं होतं, कोंडलं चौदाव्या वर्षी

बाराव्या शतकातली जर्मन मठवासिनी, बिंगेनची संत हिल्डेगार्ड, हिचं नाव निघालं की एक प्रश्न ठरलेला असतो: "आठ वर्षांच्या पोरीला खरंच भिंतीत चिणलं होतं का हो?" तुम्हीही तोच विचारलात. तर चिणलं नव्हतं. मठाला लागून असलेल्या खोलीत प्रार्थनेसाठी कोंडून घ्यायची तेव्हा रीत होती, आणि तिच्यावर ते दार बंद झालं तेव्हा ती आठ वर्षांची नव्हती, चौदाच्या आसपास होती. पण ही सहा वर्षांची गल्लत कशी झाली हे पाहताना तिचं सगळं बालपणच समोर येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जन्माचा हिशेब. तिची जन्मतारीख कुठेही लिहिलेली नाही. पण पहिला ग्रंथ 'स्किव्हियास' लिहायला घेतला तेव्हा, म्हणजे 1141 साली, आपलं वय 42 वर्षं सात महिने होतं असं तिनेच नोंदवलं आहे. मागे मोजत गेलं की 1098चा मध्य ते 1099चा मध्य या काळात येऊन थांबतो. रूढ साल 1098. वडील हिल्डेबर्ट, आई मेख्टिल्ड, घराणं ऱ्हाइनच्या खोऱ्यातलं, खानदानी. गाव बेर्मर्सहाइम की नीडरहोसेनबाख, यावर तिकडच्या अभ्यासकांचं भांडण चालू आहे, त्यात पडण्याची आपल्याला गरज नाही.

ती दहावं अपत्य, म्हणून आईवडिलांनी तिला 'दशमांश' म्हणून देवाला दिलं, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. मराठी बायबल वाचणाऱ्याला हा शब्द नवा नाही: पिकाचा, कळपाचा दहावा भाग देवाचा. ही गोष्ट येते गिबेर या मठवाश्याच्या लिखाणातून, आणि तो तिच्या अगदी उतारवयात तिच्या सहवासात आला. भावंडांची नावं धुंडाळली तर सातच सापडतात, तिला धरून आठ. दोन मुलं लहानपणीच गेली असतील तर दहाचा मेळ बसतो. त्या काळात ते अशक्य मुळीच नव्हतं.

आता मुख्य घोळ. हिल्डेगार्डचे स्वतःचे शब्द असे आहेत की आपल्या आठव्या वर्षी आपल्याला धर्मजीवनासाठी देवाला अर्पण केलं गेलं. आठव्या वर्षी म्हणजे आठवं लागलं होतं, सरलं नव्हतं. साल 1105 किंवा 1106. शिवाय ती 'अर्पण' म्हणते, 'कोंडलं' म्हणत नाही. ज्यांनी तिचं चरित्र लिहिलं त्यांनी हे अर्पण आणि नंतरचा बंदिवास एकत्र करून टाकला, आणि आठव्या वर्षीच ती डिझिबोडेनबर्गच्या मठात कोंडली गेली असं लिहून मोकळे झाले. पुढे आठशे वर्षं सगळे तेच उतरवत आले.

मठाचाच इतिहास पाहिला असता तरी शंका यायला हवी होती. नाहे आणि ग्लान या नद्यांच्या संगमावरच्या त्या टेकडीवर बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे, मठवासी आले तेच मुळी 1108 साली. माइन्झचे आर्चबिशप रूटहार्ड यांनी त्यांना आणलं आणि त्याच वर्षी नव्या मठाचा पाया घातला गेला. 1106 साली ज्या मठाच्या हवाली पोर करायची, तो मठच तिथे नव्हता.

पक्का पुरावा मात्र हिल्डेगार्डच्या नव्हे, तिच्या गुरूच्या चरित्रातून आला. गुरू म्हणजे श्पॉनहाइमच्या सरदार घराण्यातली युटा. हे चरित्र फ्रान्झ श्टाब यांनी 1992 साली छापलं. त्यात तारीखच आहे: 1 नोव्हेंबर 1112, सर्व संतांचा सण. त्या दिवशी विशीतली युटा आणि आणखी दोन मुली आत गेल्या; त्यांतली एक हिल्डेगार्ड. युटा वारली 22 डिसेंबर 1136 रोजी, म्हणजे आत 24 वर्षं. आकडे चोख जुळतात.

मधल्या सहा-सात वर्षांत हिल्डेगार्ड कुठे होती? बहुधा श्पॉनहाइमला, युटाच्याच घरी. ही युटाही तेव्हा चौदा-पंधराची. घरच्यांचा विरोध डावलून तिने व्रत घेतलं होतं आणि उडा नावाच्या धर्मनिष्ठ विधवेच्या हाताखाली ती तीन वर्षं शिकत होती. तेव्हा 'गुरू' म्हणताना डोळ्यांसमोर म्हातारी आणू नका.

कोंडण्याचा विधी मात्र गिबेरने सांगितला आहे तसाच अंगावर येणारा: अंत्यविधीसारखा, जगाला मेल्यासारखा. दार बंद, आणि अन्नपाण्यासाठी व बोलण्यासाठी तेवढी खिडकी.

आत शिक्षण काय? बायबलमधली स्तोत्रसंहिता. 150 स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणत राहायची, पाठ करायची, आणि त्यातूनच अक्षरं ओळखायची. बेनेडिक्टच्या नियमात ही 150 आठवड्यात पुरी करायची असतात; युटा रोज म्हणायची, कधी दिवसातून दोनदा, तीनदा. व्याकरण रीतसर कुणी शिकवलं नाही. म्हणून हिल्डेगार्ड स्वतःला 'अशिक्षित' म्हणते. ते निरक्षर या अर्थाने घेतलं की चुकतं. तिच्या लॅटिनमधले विभक्ती-प्रत्यय पुढे फोल्मार नावाचा मठवासी नीट करून देई. युटाने तिला दहा तारांचं वाद्य शिकवलं असंही चरित्रात आहे, पण 'दहा तारांचं वाद्य' हा स्तोत्रांमधलाच शब्दप्रयोग आहे, त्यामुळे खरोखर वाद्य होतं की स्तोत्रगायनालाच तसं म्हटलं आहे, हे ठामपणे कुणी सांगू नये. स्वरलिपी आपण शिकलो नाही, असं ती स्वतःच सांगते.

तिला जे दैवी दृष्टान्त दिसत त्यांचंही इथेच सांगतो. तिसरं लागलं होतं तेव्हा एवढा प्रकाश दिसला की जीव थरथरला, पण बोलता येत नव्हतं, असं ती लिहिते. ती पंधराची होईपर्यंत दिसलेलं सहज सांगून टाकी. ऐकणारे चकित होत. मग एकदा तिने दाईला विचारलं, बाहेरच्या वस्तूंखेरीज तुला आणखी काही दिसतं का? दाई म्हणाली, काहीच नाही. त्या क्षणी ती घाबरली, आणि पुढे वर्षानुवर्षं गप्प राहिली.

आईवडिलांबद्दल तिची तक्रार होती का, हा तुमचा दुसरा प्रश्न. घरच्यांविरुद्ध एक शब्द सापडत नाही. बहीण क्लेमेन्टिया तर पुढे तिच्याच मठात आली. पण 'स्किव्हियास'च्या दुसऱ्या भागात मुलं मठाला अर्पण करणाऱ्या आईबापांना देवाच्या तोंडून बजावलेलं आहे: समज येऊन मूल स्वतः हो म्हणत नाही, तोवर त्याला बांधू नका.