मावशीच्या गोळीचा कागद

मावशीने आज रक्तदाबाच्या नव्या गोळीसोबतचा कागद माझ्यासमोर उलगडला आणि विचारलं, "यातलं मला काय काय होणार गं?" बारीक अक्षरांत कोरडा खोकला, चक्कर, ओठ-जीभ सुजणं, सगळं एकाच ओळीत. नेहमीचं काय आणि दुर्मीळ काय, कळायला मार्गच नाही. एसीई इनहिबिटर गटातल्या या गोळ्यांनी खोकला बऱ्याच जणांना येतो. छळतो, पण डॉक्टरांनी औषध बदललं की सहसा जातो. जीभ सुजणं क्वचितच, पण तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. एवढं सांगायला डॉक्टरांना कितीसा वेळ लागला असता?

नुसते आकडेही पुरत नाहीत म्हणा. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा निघाला. दुप्पट म्हणजे साधारण ७,००० जणींत एकीऐवजी दोघींना! पण तसं कुणी नीट सांगितलंच नाही. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या, नको असलेली गर्भधारणा झाली, गर्भपात वाढले. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

आणि उलट दिशेचं, म्हणजे रुग्णाकडून डॉक्टरांकडे जाणाऱ्या माहितीचं काय? गरोदर बायकांना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांमध्ये व्यंग येत असल्याची शंका १९६१ मध्ये डॉक्टरांनीच बोलून दाखवली, कारण त्यांनी समोरच्या आयांकडे लक्ष दिलं होतं. रुग्णाने सांगितलेला त्रास "वयामुळे होतं" म्हणून झटकला, तर तो पुढे नोंदवणार कोण?

मावशीला तीन प्रश्न कागदावर लिहून दिलेत. पुढच्या तपासणीला ती ते विचारणार आहे, मी सोबत जाणार आहे.