तुम्ही विचारलंत म्हणून: ते पोस्टर मी का काढलं

घरी येणारं जुनं माणूस हॉलमधली रिकामी भिंत बघतं आणि विचारतं, ते रशियन म्हातारीचं पोस्टर कुठे गेलं, घाबरलीस का कुणाला, की आता देवाधर्माला लागलीस? दहा वर्षं हेच ऐकतेय म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. घाबरले नाही आणि देव मी आजही मानत नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, निकोलाय तेर्प्सिखोरोव या चित्रकाराचं 1930चं, झार गेल्यानंतरच्या सोव्हिएत राजवटीतलं पोस्टर आहे ते. एक म्हातारी एका मुलीला चर्चकडे ओढतेय, मुलगी शाळेकडे झेपावतेय, आणि मजकूर असा की धर्म हे विष आहे, मुलांना जपा. कॉलेजात डिझाइन शिकताना चांगलं स्कॅन मिळालं, मोठं प्रिंट काढून फ्रेम केलं. रंग कमी, अक्षर ठळक, वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळेल असं काम. ते चित्र म्हणून मला आजही जबरदस्त वाटतं आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. झारच्या राज्यात चर्च सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेलं होतं, तो राग खरा होता.

मग आज्जी आमच्याकडे राहायला आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर गावी जाता येणार नव्हतं. डोळ्याची पट्टी निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती फ्रेमसमोर उभी राहिली, अगदी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "ही म्हातारी पोरीला अशी का ओढती गं?" मी उत्साहाने सगळं समजावलं, शाळा कुठली, चर्च कुठलं, विष म्हणजे काय, अगदी वर्गात शिकवावं तसं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मीच की ही."

मी हसले. म्हटलं, आज्जी तू कशी असशील, हे रशियातलं आहे. आता विचार करते तेव्हा ते हसणंच जास्त लागतं, कारण मला पाचवीला तालुक्याच्या शाळेत घाला म्हणून घरात भांडलेली ती एकटी होती, स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. एसटी स्टँडसमोरचा रस्ता माझं मनगट घट्ट धरून तीच पार करायची, शाळेच्या फाटकात सोडायची आणि मग देवळात जायची. त्या दिवसापासून ती हॉलमध्ये हरिपाठ म्हणेनाशी झाली. आतल्या खोलीत, दार लोटून, ओठातल्या ओठात. मला कळत होतं, तरी मी फ्रेम उतरवली नाही. महिन्याने ती गावी गेली आणि त्याच वर्षी वारली. फ्रेम मी त्यानंतर काढली.

म्हणजे हे सगळं आज्जीपायीच का? पंचविशीतली मी तर हेच म्हणाली असती की भावनेच्या भरात विचार सोडलास. पण नंतर वाचलं तेही मनातून जात नाही. मुलांना जपा म्हणणाऱ्या त्याच सोव्हिएत राज्याने 1918च्या घटनेत पाद्र्यांचा मताचा हक्क काढून घेतला होता आणि पुढे त्यांच्याच मुलांना कॉलेजचे दरवाजे बंद केले. ती मुलंही शाळेकडेच झेपावत होती ना? मॉस्कोजवळ बुतोवोला 1937-38 मध्ये 20,000हून जास्त माणसं गोळ्या घालून मारली, त्यात कितीतरी पाद्री आणि नन. 1937च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न विचारला तर निम्म्याहून जास्त लोकांनी आम्ही मानतो म्हणून सांगितलं, आणि ती जनगणनाच दाबून टाकली. इतकी वर्षं पोस्टरं चिकटवून, चर्चं पाडूनसुद्धा.

आणि तरी "बरं झालं काढलंस" म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच त्रास होतो. मी तुमच्या बाजूला आलेली नाही. धर्माच्या नावाने मुलींची शाळा सुटते, आजही, आपल्याकडेही, तेव्हा हेच चित्र बाहेर आणून दाखवावंसं वाटतं. चूक नेमकी कुठे झाली तेच मला ठरवता येत नाही, असं चित्र रंगवण्यात, की त्यात म्हातारीला तसा चेहरा देण्यात, की मी ते घरात लावण्यात.

प्रिंट माळ्यावर आहे, गुंडाळून. दिवाळीच्या साफसफाईत हाताला लागलं तेव्हा उघडून बघितलं. त्या हाताची पकड चित्रकाराने फार बरोबर काढलीय. रस्त्यावर गाड्या असल्या की आज्जी असंच धरायची.