फोंड्याच्या कॅम्पातला सिन्योर आणि आमचे मामा

दरवर्षी १९ डिसेंबरला आमच्याकडे गोव्यात मुक्तिदिनाची भाषणं होतात, पात्रादेवीला आणि आझाद मैदानावर पुष्पचक्रं वाहिली जातात, दुपारपर्यंत सगळं आटोपतं, आणि दरवर्षी मला एकच गोष्ट खटकते की १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने पोर्तुगीजांकडून गोवा घेतला त्या दोन दिवसांत जी माणसं बंदुका घेऊन समोरासमोर उभी होती ती पुढे आयुष्यात कधी एकमेकांना भेटली का, हे कोणी विचारतच नाही. १९६१ साली जो वीस-एकवीसचा पोरगा होता तो आज पंच्याऐंशी. आमचे मामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, गेल्या पावसाळ्यात गेले आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मामा दोडामार्ग तालुक्यातले. भारतीय सैन्याच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये, २ पॅरा मराठा बटालियन. १८ डिसेंबरच्या सकाळी ही ब्रिगेड दोडामार्गाकडून आत शिरली आणि मामांची बटालियन फोंड्याच्या बाजूने आली. युद्धाबद्दल विचारलं की मामा युद्धाबद्दल सोडून बाकी सगळं सांगायचे. पोर्तुगीजांनी मागे हटताना पूल उडवलेले, त्यामुळे पाण्यातून जावं लागलं, बूट दिवसभर सुकले नाहीत, गावागावात लोक शहाळी घेऊन रस्त्यावर उभे होते, वगैरे. गोळीबाराचं विचारलं की "अगो, दोन दिवसांचं काय सांगू" म्हणून विषय संपवायचे.

पण खरं तर पलीकडच्या बाजूने बघितलं तर ते दोन दिवस फार लांबले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १४ डिसेंबरला गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला तार केली होती की शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत, एकतर जिंकायचं नाहीतर मरायचं. हाताशी काय, तर पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतून सक्तीच्या भरतीत आणलेली पोरं आणि समुद्रात १९३० च्या दशकातली एक जुनी युद्धनौका. गव्हर्नरने हुकूम मोडला आणि १९ च्या रात्री वास्कोला शरणागती पत्करली. त्याने तो हुकूम पाळला असता तर आज आमची पणजी कशी दिसली असती याचा विचारही नको वाटतो. साधारण ३,३०० पोर्तुगीज सैनिक कैदी झाले, गव्हर्नरही त्यांच्यात. त्यांना ठेवलं कुठे तर त्यांच्याच छावण्यांमध्ये, नावेली, आग्वाद, वास्कोजवळ, फोंडा, सुरुवातीला सिमेंटच्या नुसत्या जमिनीवर. जानेवारीत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या कॅम्पात हलवलं, तिथे बरं होतं म्हणतात, तरी मार्चमध्ये काही जणांनी कचऱ्याच्या ट्रकमधून पळायचा प्रयत्न केला आणि त्यानंतर तिथे एका पोर्तुगीज कॅप्टनला भारतीय सैनिकांनी रायफलच्या दस्त्यांनी मारलं. ज्या भारतीय अधिकाऱ्याने ते करायला लावलं त्याला आपल्याच लष्कराने नंतर शिक्षा केली. हे आपण मुक्तिदिनाला सांगत नाही, मला वाटतं सांगायला हवं, त्यात आपला कमीपणा काहीच नाही.

मे १९६२ मध्ये त्यांना विमानाने कराचीला आणि तिथून बोटीने लिस्बनला नेलं. आणि घरी पोचल्यावर त्यांच्याच देशाने त्यांना भित्रे ठरवलं. बंदरावर मिलिटरी पोलीस बंदुका घेऊन उभे, घरच्यांना लगेच भेटू दिलं नाही. १९६३ मध्ये गव्हर्नर आणि बऱ्याच अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं. सालाझारची राजवट कोसळल्यावर, म्हणजे १९७४ नंतर, कुठे त्यांची इज्जत परत मिळाली.

आता सिन्योरबद्दल, म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'साहेब'. कोविडच्या आदल्या हिवाळ्यात पणजीला फोंतेन्यासमध्ये एक पोर्तुगीज बाई आपल्या वडिलांना घेऊन उतरली होती आणि तिला फोंड्याच्या कॅम्पची जागा शोधायची होती. मी पणजीत पोर्तुगीज शिकलेय, त्यामुळे अशी माणसं फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. वडील ऐंशीचे, काठी घेऊन चालणारे, कानाला मशीन. कॅम्पात होते का विचारलं तर त्यांनी पिशवीतून अॅल्युमिनियमची एक थाळी काढली, कडा चेपलेल्या, मागच्या बाजूला खिळ्याने खरवडून कोरलेला नंबर. जवळजवळ साठ वर्षं त्यांनी ती स्वयंपाकघरात ठेवली होती, मुलगी म्हणाली आई त्यात लसूण ठेवायची.

मी मामांना फोन केला. वाटलं होतं टाळतील. ते दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने हजर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

आमच्या फोंड्याच्या घराच्या ओसरीवर दोघं बसले. आधी बराच वेळ कोणी काही बोलेना, चहा झाला, मुलीने फोटो काढला, मग मामांनी ती थाळी हातात घेतली आणि नंबरावरून अंगठा फिरवत राहिले. मग विचारलं, जेवायला काय द्यायचे? भात आणि डाळ. रोज? रोज. मामा म्हणाले, "आम्हांलाही तेच." मी ते सांगितल्यावर सिन्योर पहिल्यांदा हसले.

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. कॅम्प नक्की कुठे होता यावरून दोघांचं वाजलं. टेबलावर लग्नाची एक पत्रिका पडली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मामांनी खिशातलं पेन काढून रस्ता काढला, बाहेरून येताना दिसतो तसा, इथे चढण, इथे झाड, इथे आमचा ट्रक. सिन्योरनी पेन घेतलं आणि आतून दिसतो तसा काढला, इथे तार, इथे पाण्याचा नळ, इथे रांग लागायची. दोघांच्या रेघा जुळेनात. मामा म्हणतात चढण डावीकडे, ते म्हणतात उजवीकडे. एक तारेच्या आत उभा होता आणि एक बाहेर, मग दोघांचं डावं-उजवं उलटंच असणार ना, पण ते कळायला आम्हांला अर्धा तास लागला, आणि कळल्यावर दोघांनी मिळून तोच नकाशा पुन्हा काढला. ती पत्रिका आता लिस्बनला आहे.

सिन्योर उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, सैन्यात येईपर्यंत समुद्र बघितला नव्हता. ते म्हणाले गोव्यात त्यांना भारतीय सैन्याची जेवढी भीती वाटली त्यापेक्षा जास्त लिस्बनच्या बंदरात वाटली, कारण आई पलीकडे उभी होती आणि मध्ये बंदूकवाला आपलाच माणूस होता. मामा हे ऐकून बराच वेळ मान हलवत राहिले. जाताना त्यांनी सिन्योरना खाजाची पुडी दिली आणि सॅल्यूट केला, कडक. सिन्योरनी काठी मुलीकडे दिली आणि परत केला.

सैनिकांचं हे असं असतं, आणि त्या लढाईतही होतं. १८ डिसेंबरला मुरगाव बंदरात बेतवा आणि बियास या आपल्या नौकांनी त्या एकुलत्या पोर्तुगीज नौकेवर, आफोंसो द आल्बुकेर्कवर, तोफा डागल्या, तिचा कॅप्टन आरागांव जबर जखमी झाला, नौका बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लावावी लागली. आणि नंतर आपल्या नौदलाचे अधिकारी त्याच कॅप्टनला इस्पितळात भेटायला गेले. १९८० मध्ये तर खुद्द वासालो ई सिल्वा गोव्यात आले, ऐंशीच्या घरातले, आणि लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.

पण सगळं एवढं गोड नाही आणि ते तसं दाखवायचंही नाही. त्याच लढाईत अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक मारले गेले, त्यांच्या घरच्यांशी कोण कधी बोललं? आणि माझे सख्खे काका. काका बार्देसचे, १९५५ च्या सत्याग्रहाच्या दिवसांत पकडले गेले, पोलिसांनी एका क्वार्तेलात, म्हणजे पोलीस ठाण्यात, त्यांचे तळपाय सोलून काढले होते, नंतर आग्वादच्या तुरुंगात. मी त्यांनाही त्या दिवशी फोंड्याला बोलावलं होतं. ते म्हणाले, "मामांकडे बंदूक होती, त्याच्याकडेही होती. माझ्याकडे काय होतं?" आणि आले नाहीत.

याच्यावर मी खूप विचार केला आणि मला काकांचं पूर्ण पटतं. दोन सैनिक म्हातारपणी भेटले की लोकांना फार आनंद होतो, पेपरात फोटो येतो, आणि मग सगळ्यांना वाटतं की आता तुरुंगात मार खाल्लेल्यानेही हात पुढे करावा. का करावा? बरोबरीने लढलेल्यांना बरोबरीने भेटता येतं. ज्याला बांधून मारलं त्याच्यावर माफीची सक्ती करणारे आपण कोण? गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली तरी सुटले नव्हते, त्या माणसाला कोणी सांगावं की आता विसरा?

तरी काकांनी त्या दिवशी माझ्याजवळ एक प्रश्न दिला होता, सिन्योरना विचारायला. आग्वादला पहाऱ्यावर होतास का? मी विचारलं. ते म्हणाले, नाही, मी गोव्यात आलोच १९६० मध्ये आणि पहाऱ्यावर कधी नव्हतो, पण आग्वादला होतो, शरणागतीनंतर, कैदी म्हणून, फोंड्याला हलवेपर्यंत. सिमेंटवर झोपायचो.

मी हे काकांना फोनवर सांगितलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "कुठल्या बाजूची खोली?"

त्यानंतर कोविड आला, विषय तिथेच राहिला. आग्वाद तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय, २०२१ च्या मुक्तिदिनाला उद्घाटन झालं, मी काकांना घेऊन जाते म्हटलं तर तिथेही यायला तयार नाहीत. पण मामांच्या बाराव्याला ते आले, आणि जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, तो पाकलो, म्हणजे पोर्तुगीज, अजून आहे का? आहे म्हटलं. "मग लिही," म्हणाले. आणि तिथेच पंगतीशेजारच्या खुर्चीवर बसून सांगायला लागले, मी मोबाइलवर टाइप करत गेले. मामा गेले ते कळव. तू डिसेंबर-जानेवारीत होतास, म्हणजे तू तिथला पाऊस बघितलेला नाहीस. जूनमध्ये भिंतीतून पाणी यायचं आणि आम्ही रात्रभर बसून काढायचो, झोपायला कोरडी जागा नसायची. तुझ्या लोकांनी आम्हांला कांबळं दिलं नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. तुझी खोली समुद्राच्या बाजूची होती का?

नमस्कार वगैरे काही नाही, फक्त एवढंच. मी एक शब्दही इकडचा तिकडे न करता पोर्तुगीजमध्ये करून त्यांच्या मुलीला पाठवलं. उत्तर परवा आलंय, हाताने लिहिलेल्या चार पानांचे फोटो, अक्षर थरथरतं आहे त्यामुळे मला वाचायला वेळ लागतोय, आणि एका पानावर खोलीचा नकाशा आहे. रविवारी काकांकडे जाणार आहे वाचून दाखवायला. त्यांनी सकाळीच फोन करून सांगितलंय की नकाशाची मोठी प्रिंट काढून आण, चष्म्यातूनही मोबाइलवर दिसत नाही.