तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या काडतुसांवर एवढा जीव का?

रेंजवर किंवा शिकारीच्या मुक्कामावर मी काडतुसांचा डबा उघडला की शेजारचा माणूस एक उचलतो, बुडावरचा शिक्का उजेडाकडे धरून वाचतो आणि विचारतो, "७×५७? हे अजून मिळतं? .३०८ नाहीतर .३०-०६ सोडून हे कुठून शोधून काढलंत?" (७×५७ म्हणजे सात मिलिमीटर व्यासाची गोळी आणि सत्तावन्न मिलिमीटर लांबीची पुंगळी, म्हणजे बारूद भरायची पितळी नळी; .३०८ आणि .३०-०६ ही सगळ्यांच्या ओळखीची, .३० इंच व्यासाची काडतुसं.) हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बैठक मारून उत्तर द्यायला हवं. उभ्या उभ्या दोन वाक्यांत ते देता येत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. पहिली काही वर्षं माझ्याकडे .३० इंच व्यासाची मोठी मॅग्नम, म्हणजे जास्त बारूद मावणाऱ्या काडतुसाची रायफल होती. जितकी ताकद जास्त तितकं जनावर लवकर मरेल, त्याला त्रास कमी होईल, असा माझा प्रामाणिक समज होता. एका संध्याकाळी दीडशे मीटरवर एक नर हरीण आडवं उभं होतं. वारा नाही, रायफलीला टेका नीट, घाई कसलीच नाही. मी चाप ओढला. गोळी फऱ्याच्या मागे लागायला हवी होती, ती लागली पोटात. हरीण कमरेत वाकलं आणि झाडीत घुसलं. पानांवर रक्त थोडंच होतं, त्यात हिरवट चोथा. अंधार पडल्यावर माग सोडावा लागला. सकाळी ते सापडलं तेव्हा अजून जिवंत होतं. त्या रात्रीचे तास मी आजही विसरलेलो नाही.

बरोबर एक वयस्कर शिकारी होते. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रेंजवर त्यांनी माझी रायफल मागून घेतली आणि म्हणाले, "आज मी भरून देतो, तुम्ही फक्त बार काढा." पहिले दोन बार नेहमीसारखे झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं ठेवून बोल्ट बंद केला होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी चाप ओढला. नुसता 'खट्' आवाज झाला आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. माझे डोळे गच्च मिटलेले होते. धक्का बसायच्या आधीच माझा खांदा त्याला भिऊन पुढे ढकलत होता, आणि इतक्या वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. मग त्यांनी स्वतःची रायफल माझ्या हातात दिली. ती ७×५७ माउजर होती.

हे काडतूस १८९२ चं. १८९३ मध्ये स्पेनच्या लष्कराने ते घेतलं, आणि तिथून ते जगभरच्या शिकाऱ्यांकडे गेलं. त्याच्या पुंगळीत साधारण ४५ ग्रेन बारूद मावते (ग्रेन हे वजनाचं माप, एका पौंडात ७००० ग्रेन); माझ्या मॅग्नममध्ये ७० ग्रेनच्या वर जायची. गोळीच्या मागे जळणारी बारूदही नळीतून वेगाने बाहेर पडते आणि खांद्यावरच्या धक्क्यात तिचा वाटा मोठा असतो. त्या दिवशी मी ७×५७ चे वीस बार काढले आणि विसाव्या बारालाही माझे डोळे उघडे होते. कागदावरची भोकं तळहाताखाली झाकता येत होती.

"पण ताकद?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ताकदीपेक्षा मी गोळीच्या लांबीकडे बघतो. गोळीचं वजन तिच्या जाडीच्या मानाने किती, यावर ती अंगात किती खोल जाईल हे बरंचसं ठरतं. त्याचा एक ठरलेला आकडा असतो: पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. ७ मिलिमीटरच्या १७५ ग्रेन गोळीचा हा आकडा ०.३१० येतो. .३० व्यासाच्या १८० ग्रेन गोळीचा येतो ०.२७१. .३० मध्ये तेवढंच गाठायचं तर २०५ ग्रेनच्या आसपासची गोळी घ्यावी लागते, आणि मग धक्काही तसाच वाढतो. ६.५ मिलिमीटरच्या जुन्या १६० ग्रेन गोल नाकाच्या गोळीचा आकडा तर ०.३२८ आहे. ती गोळी हातात घेऊन बघा, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी लांबच लांब दिसते. स्वीडन आणि नॉर्वेने १८९४ मध्ये ठरवलेलं ६.५×५५ काडतूस तिथले शिकारी मूससारख्या अवाढव्य जनावरावर पिढ्यान् पिढ्या वापरत आले. त्यांच्याकडे ते अनोळखी मुळीच नाही. तिथून दूर गेलात की लोक त्याला 'हरणाची छोटी गोळी' म्हणतात.

७×५७ लाच इंग्रजांनी .२७५ रिग्बी असं नाव दिलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली ती याच .२७५ ची रायफल. आणि डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत मारलेल्या हजारावर हत्तींपैकी बहुसंख्य याच काडतुसाच्या १७३ ग्रेनच्या भरीव गोळीने मारले. हे सांगताना मला लगेच पुढचंही सांगावंसं वाटतं. बेल यांनी हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो हे बघितलं होतं. ७ मिलिमीटर घेऊन हत्तीसमोर उभं राहावं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. गोळी कुठे लागते हे आधी, ती केवढी हे नंतर, एवढंच मी त्यातून घेतो.

मग इतकी चांगली काडतुसं मागे का पडली? मला या विषयाची खरी गोडी लागली ती या प्रश्नामुळे. एकेकाचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की जनावरावर ते काडतूस कमी पडलं म्हणून सोडून दिलं, असं जवळजवळ कुठेच नाही. कारणं सगळी दुसरीकडची.

१९५५ सालचं उदाहरण घ्या. त्या एकाच वर्षी ६ मिलिमीटरची दोन काडतुसं आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. रेमिंग्टनची पुंगळी किंचित मोठीच होती. फरक पडला तो नळीतल्या आट्यांमुळे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचांमुळे. विंचेस्टरने आटे दहा इंचांत एक फेरा असे ठेवले, रेमिंग्टनने बारा इंचांत एक. लोक यातून छोटी उपद्रवी जनावरं मारतील, असं रेमिंग्टनने धरलं होतं. त्यांना हलक्या गोळ्या लागतात आणि हलक्या गोळीला सैल पीळ पुरतो. लोकांना मात्र एकच रायफल हरणालाही हवी होती, म्हणजे १०० ग्रेनची गोळी. ती लांब असते, तिला जास्त फिरवावं लागतं. बारा इंची पिळाची एक जुनी .२४४ मी स्वतः चालवून बघितली आहे. ७५ ग्रेनच्या गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या. १०५ ग्रेनची घातली तर शंभर मीटरवरच्या कागदावर भोकं गोल पडेनात, लांबट पडली, एका बाजूला शिशाचा काळा ओरखडा. गोळी तिरपी होऊन कागदातून गेली होती. १९६३ मध्ये रेमिंग्टनने नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं आणि नऊ इंची पीळ दिला, पण तोवर .२४३ घरोघरी पोचलं होतं. काडतुसात काडीचाही दोष नव्हता.

.२५०-३००० सॅव्हेजचं नावच बघा. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन यांनी ते तयार केलं, तेव्हा त्यांच्या मनात १०० ग्रेनची गोळी होती. कंपनीला सेकंदाला ३००० फूट हा आकडा जाहिरातीत हवा होता, म्हणून ८७ ग्रेनची घेतली. शिकारीच्या दृष्टीने न्यूटन यांचंच बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे.

.२८० रेमिंग्टनची हकीकत मला सगळ्यात जास्त लागते. १९५७ मध्ये ते अर्धस्वयंचलित रायफलीसाठी आलं, म्हणून त्याचा दाब (जळत्या बारुदीचा नळीतला जोर) त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा, .२७० विंचेस्टरपेक्षा, कमी ठेवला. लोकांनी वेगाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि .२७० उचललं. १९७९ मध्ये कंपनीने त्याचं नाव ७ एमएम एक्सप्रेस केलं. बाजारात ७ एमएम मॅग्नम आधीच होतं, दोन्हींची गल्लत व्हायला लागली, आणि काडतुसांतली गल्लत जिवावर बेतते. थोड्याच काळात जुनं नाव परत आलं. उत्तम काडतूस, पण नावाच्या घोळात त्याची उमेदीची वर्षं गेली.

७×५७ आणि ८×५७ यांना त्यांचं वयच आडवं आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कमकुवत रायफली अजून लोकांकडे आहेत, म्हणून अमेरिकी मानकात ७×५७ चा दाब ५१,००० पौंड प्रति चौरस इंचावर रोखलाय, तर युरोपात ३९०० बार (इथे बार हे दाबाचं माप), म्हणजे साधारण ५६,५०० पौंड चालतो. ८×५७ मध्ये तर जुन्या नळ्या .३१८ इंच गोळीच्या आणि १९०५ नंतरच्या .३२३ च्या. जाड गोळी बारीक नळीत गेली तर अनर्थ, म्हणून अमेरिकी मर्यादा थेट ३५,००० वर आणली. तो डबा उघडून कुणी म्हणतो, "८ एमएम म्हणजे मिळमिळीत." त्याने युरोपीय भरणीचं काडतूस चांगल्या रायफलीतून चालवलेलंच नसतं.

.३५ व्यासाच्या काडतुसांबद्दल थोडक्यात. .३०८ चं तोंड रुंद करून १९५५ मध्ये .३५८ विंचेस्टर आलं. २०० ग्रेनची गोळी, सेकंदाला २४९० फुटांच्या आसपास वेग. दाट झाडीत, साठ-सत्तर मीटरवर रानडुकरासाठी याहून बरं मला काही माहीत नाही. आणि बर्लिनच्या ओटो बोक यांनी १९०५ मध्ये केलेलं ९.३×६२ साध्या माउजर रायफलीत बसतं, १८.५ ग्रॅमची गोळी टाकतं आणि आफ्रिकेत मोठ्या जनावरांपुढे उभं राहिलेलं आहे. युरोपात त्याला मान आहे, बाहेर त्याचं नाव सांगितलं की समोरचा पुन्हा विचारतो, "किती बाय किती?"

आता अडचणीही सांगतो, नाहीतर तुमची फसवणूक होईल. ही काडतुसं प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. प्रवासात सामान हरवलं तर शिकार तिथेच संपली. गोळ्यांचे प्रकार मोजकेच असतात, बरेचदा स्वतः पुंगळी भरायची तयारी लागते. ज्यांना एकच रायफल घ्यायची आहे आणि भरण्याचा उद्योग नको आहे, त्यांना मी ७ एमएम-०८ सांगतो. १९८० चं काडतूस, पुंगळी .३०८ ची, आणि काम ७×५७ चंच. आणि अडीचशे-तीनशे मीटरच्या पलीकडे बार टाकायचा असेल तर माझं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही. मी तेवढ्या लांबून जनावरावर गोळी चालवत नाही.

तरीही एखादी जुनी रायफल मनात भरलीच असेल तर पैसे मोजायच्या आधी एवढं करा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. फिरत्या मुठीची साफसफाईची सळई घ्या, तिच्या टोकाला घट्ट बसेल असा कापडाचा तुकडा लावून ती तोंडाकडून नळीत थोडी आत घाला. तोंडाशी सळईवर पेनाने खूण करा आणि मुठीजवळ, सळईच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. मग सळई सावकाश आत ढकला. आटे तिला फिरवतील, झेंडाही फिरेल. तो एक पूर्ण फेरा मारून पुन्हा वर आला की थांबा, तोंडाशी दुसरी खूण करा, सळई बाहेर काढून दोन खुणांमधलं अंतर मोजा. ६ मिलिमीटरच्या नळीत नऊ इंच निघाले तर १०० ग्रेनच्या गोळ्या बेलाशक घ्या. बारा निघाले तर ७५ ग्रेनच्या घ्या, आणि हरणासाठी दुसरी रायफल बघा.