टनाला ३६६ रुपये

आमच्या शाळेची पालकसभा दिवे लागल्यावर भरते. दिवसा सोयाबीनची काढणी सोडून येणार कोण? त्यातही दसऱ्याआधीची सभा महत्त्वाची. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ऊसतोडीला निघतो आणि त्यांच्याबरोबर लेकरंही जातात. म्हणून या सभेला मी आज्यांना आवर्जून बोलावते. लेकरू मागं राहिलं तर उन्हाळ्यापर्यंत त्याची पालक तीच.

सगळे नेहमीसारखे दाराशीच घुटमळले. मग मुलांनाच सांगितलं, आपापल्या माणसांना आपल्या जागेवर नेऊन बसवा. हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे मुलांनी नातेवाइकांकडं राहायचं आणि दोन वेळचं जेवण तिथं, हे मी थोडक्यात सांगितलं. मुलांनी वाचून दाखवलं, पाढे झाले. माना डोलत होत्या, पण जांभयाही येत होत्या.

तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीचे वडील मागून म्हणाले, "मॅडम, पाढे ऱ्हाऊ द्या. टनाला तीनशे सहासष्ट. पन्नास हजार उचल घेतली तर किती टन तोडावा लागंल, सांगा म्हणावं."

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले आगाऊ पैसे; ते ऊस तोडून फेडायचे. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून ३६६ झाला, तो इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यांची मुलगी स्वतःच उठून फळ्याशी गेली. तीन अंकी भागाकार तिला जड जातो, म्हणून तिनं वाट काढली. शंभर टनाचे ३६,६००. उरले १३,४००. तीस टनाचे १०,९८०. उरले २,४२०. जांभया थांबल्या. पुढं सहा टन वजा केल्यावर ती वळून म्हणाली, "एकशे छत्तीस टन तोडूनबी दोनशे चोवीस रुपये फिटायचे राहत्यात, आण्णा."

दोघं-तिघं बाप बोटांवर ताळा करू लागले. एकानं तर आपल्या उचलीचा आकडा सांगून तोही मांडायला लावला.

मला वाटलं, जिंकलो. पण तिचे वडील खुशीत म्हणाले, "मग तर हिला न्यायलाच पायजे. मुकादमाच्या चिठ्ठ्या हीच बघंल. अन् धाकट्यालाबी सांभाळंल."

शिकलेली मुलगी कामाची ठरते ती अशी! मी काही बोलणार तोच तिची आजी म्हणाली, "चिठ्ठीचा फोटू पाठव की फोनवर. हितनंच सांगंल ती हिशेब. माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

लोक हसले, वडीलही हसले, पण हो म्हणाले नाहीत. आई तोवर गप्पच होती. सभा मोडल्यावर ती टेबलापाशी आली. जेवण खरंच दोन्ही वेळचं असतं का, शिजवतं कोण, आजारी पडली तर कळवणार कोण, असं सगळं खोदून विचारलं.

"आणि धाकटा?" मी विचारलं.

"फडाच्या कडंला झोळी बांधीन. हिचा फार्म भरा तुमी."

फॉर्मवर वडिलांची सही लागते का, असं तिनं हळूच विचारलं. आईची चालते, मी म्हणाले आणि पेन पुढं केलं. मागं आणखी तिघीजणी उभ्या होत्या.